स्थैर्य आणि वापर : गॉफ स्क्वेअरमधील जॉन्सनच्या घराचे वाचन

१

लेखकाचे घर हा साहित्येतिहासातील एक विलक्षण दस्तऐवज होय. ते लेखकाने लिहिलेले नसते; बहुधा त्याने बांधलेलेही नसते. तरीही त्याच्या ग्रंथांच्या शेजारी त्याला मानाचे स्थान मिळते, तेथे फलक लागतो, वाचक यात्रेकरूप्रमाणे तेथे जातात आणि जिना चढताना आपण लेखकाच्या अधिक जवळ जात आहोत अशी भावना अनुभवतात. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र अशा घरांकडे चरित्राची पार्श्वभूमी यापलीकडे फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. घराची योजना, त्याचे बांधकाम, त्याचे झालेले आणि राहून गेलेले जीर्णोद्धार हा सारा विषय वास्तुविद्येच्या अभ्यासकांचा, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत निबंधात हे गृहीतक बाजूला ठेवून लंडनमधील १७, गॉफ स्क्वेअर या विटांच्या घराचे एक संहिता म्हणून वाचन करण्याचा प्रयत्न आहे.

फ्लीट स्ट्रीटच्या उत्तरेस, अरुंद गल्ल्यांच्या जाळ्यात असलेले हे घर १७०० च्या सुमारास रिचर्ड गॉफ या लोकर-व्यापाऱ्याने बांधले. १७४८ ते १७५९ या काळात सॅम्युएल जॉन्सन तेथे भाडेकरू म्हणून राहिला आणि त्याचा इंग्रजी भाषेचा कोश याच घराच्या पोटमाळ्यात सिद्ध होऊन एप्रिल १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. गॉफने वसवलेल्या मूळ चौकातील आज शिल्लक असलेले हे एकमेव घर. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या सूचीत त्याला पहिला दर्जा आहे. या सूचीतील सुमारे अडीच टक्के वास्तूंनाच तो लाभलेला आहे.

या घराच्या ख्यातीत एक अंतर्विरोध दडलेला आहे आणि तोच या निबंधाचा विषय आहे. ज्या ग्रंथामुळे हे घर जपले गेले, त्या ग्रंथाच्या कर्त्याने याच घरात काम करताना असा निष्कर्ष काढला होता की, नित्य वापरात असलेली वस्तू एका अवस्थेत गोठवून ठेवता येत नाही. भाषेविषयी काढलेला हा निष्कर्ष घराला लागू करून पाहिला तर काय दिसते? जतन करणाऱ्यांनी या घराचा कोणता काळ ‘मूळ पाठ’ मानला आणि तो मानताना कोणाचे वास्तव्य समासात ढकलले गेले? हे प्रश्न वास्तुशास्त्राइतकेच पाठचिकित्सेचे आणि साहित्येतिहासाचेही आहेत.

२

प्रथम घराकडे घर म्हणून पाहणे आवश्यक आहे. लंडनमधील विटांच्या घरांमागे सौंदर्यदृष्टी असेल, परंतु त्याआधी भीती आणि कायदा आहे. सप्टेंबर १६६६ च्या महाभयंकर आगीत शहरातील सुमारे १३,२०० घरे भस्मसात झाली. ही आग पश्चिमेकडे फेटर लेनपर्यंत पोहोचली होती. म्हणजे आजचा गॉफ स्क्वेअर जेथे आहे तो भाग जळालेल्या क्षेत्रात मोडतो. त्यानंतर १६६७ मध्ये संसदेने पुनर्बांधणीचा कायदा केला. लाकडी घरांची परंपरा त्याने संपवली. बाहेरील भिंती विटांच्या किंवा दगडांच्याच असाव्यात असा दंडक घातला. घरांचे चार वर्ग ठरवले, रस्त्याच्या महत्त्वानुसार कोठे किती मजले असावेत आणि कोणत्या मजल्यावर भिंत किती विटांच्या जाडीची असावी, हेही सांगितले. तळघर आणि पोटमाळा यांची मात्र मजल्यांत गणना केली नाही. ही वगळलेली जागा पुढे आपल्या विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

कायद्याने घडवलेला हा घरांचा प्रकार पुढील दीड शतक लंडनचा चेहरा ठरला. अशा घराला बहुधा रचनाकाराचे नाव नसते. कारागिरांनी नियमांच्या आणि नमुन्यांच्या आधारे, भाड्याच्या उत्पन्नावर डोळा ठेवून ते उभारलेले असते. दर्शनी भिंतीत एक वीट लांबीने तर पुढची डोक्याने, असा क्रम थराथराने बदलत जातो. चुन्याचे बारीक सांधे त्या क्रमाला बांधून ठेवतात. कारागिराला स्वातंत्र्य उरते ते खिडकीवरील कमानीच्या घासून बसवलेल्या विटांत, दाराच्या चौकटीत, जिन्याच्या कठड्याच्या कातीव दांड्यांत. नियमित, परस्परसदृश घटकांची मांडणी आणि तिच्या मर्यादेत केलेली सूक्ष्म निवड, असे या स्थापत्याचे व्याकरण सांगता येईल. ‘व्याकरण’ हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. १७०९ च्या कायद्याने खिडकीच्या चौकटी भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत बसवण्याची सक्ती केली. त्यामुळे चौकट भिंतीशी समतल आहे की आत गेलेली आहे, यावरून अभ्यासक घराच्या काळाचा अदमास बांधतात. हस्तलिखिताचा काळ कागदावरील जलचिन्हावरून ठरवावा, तशीच ही रीत आहे.

या घरांची दुसरी खूण म्हणजे त्यांची उभी रचना. डॅनिश वास्तुकार स्टीन आयलर रासमुसेन याने लंडनविषयीच्या आपल्या ग्रंथात (इंग्रजी आवृत्ती १९३७) या शहराचे वेगळेपण एका कुटुंबाच्या एका घरात पाहिले. युरोपातील अनेक शहरांत कुटुंबे एकाच इमारतीत एकावर एक अशी आडव्या मजल्यांवर राहतात. लंडनकर मात्र अरुंद जागेवर स्वतःचे उभे घर बांधतो आणि दिवसभर जिन्याने वरखाली करीत राहतो. जॉन समरसन याने १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जॉर्जियन लंडनवरील ग्रंथात हा घरप्रकार जमिनीचे मालक, ठेकेदार आणि भाडेपट्टे यांच्या अर्थव्यवहारातून कसा घडला, हे दाखवून दिले आहे. या उभ्या रचनेत सामाजिक प्रतवारी मजल्यांच्या भाषेत लिहिलेली असते. स्वयंपाक तळघरात, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी तळमजल्याची बैठक, पाहुण्यांसाठी पहिल्या मजल्याचा दिवाणखाना, त्यावर शयनगृहे, आणि सर्वांत वर, छपराच्या उताराखाली, नोकरांची किंवा अडगळीची जागा. उंची वाढते तशी प्रतिष्ठा वाढत नाही. पहिल्या मजल्यानंतर ती उतरणीला लागते आणि पोटमाळ्यात येऊन संपते.

३

जॉन्सनने आपला कोश या प्रतवारीच्या शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवला. १७४६ मध्ये लंडनच्या काही ग्रंथविक्रेत्यांनी एकत्र येऊन त्याच्याशी १,५०० गिनींचा करार केला होता. या रकमेतूनच लेखनिकांचे वेतनही भागवायचे होते. कोश छापणारा विल्यम स्ट्राहान याचा छापखाना गॉफ स्क्वेअरपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. हस्तलिखित तिकडे जाणे आणि छापलेले फर्मे इकडे येणे हा व्यवहार सुलभ व्हावा, हा घराच्या निवडीतील एक उघड हेतू दिसतो. म्हणजे हे घर कवीचे एकांतस्थान म्हणून घेतलेले नव्हते. ग्रंथव्यवसायाच्या साखळीतील तो एक दुवा होता.

बॉझवेलने आपल्या चरित्रग्रंथात नोंदवले आहे की, वरची खोली जॉन्सनने व्यापारी पेढीच्या हिशेबघराप्रमाणे सजवली होती आणि तेथे सहा लेखनिक काम करीत होते. त्यांपैकी पाच स्कॉटलंडचे होते. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बॉझवेल आणि जॉन्सन यांची पहिली भेट १७६३ मध्ये झाली. तोवर कोश प्रसिद्ध होऊन आठ वर्षे लोटली होती आणि जॉन्सनने हे घरही सोडले होते. तेव्हा पोटमाळ्याचे हे सुप्रसिद्ध चित्र प्रत्यक्षदर्शीचे नाही. ते ऐकीव माहितीवर उभे आहे. तरीही हिशेबघराची उपमा नेमकी आहे. घराच्या संपूर्ण विस्तारावर पसरलेली, आडव्या भिंतींनी न तोडलेली अशी जागा या घरात पोटमाळ्यातच मिळते. खालच्या मजल्यांवर जिन्याच्या दोन्ही अंगांना एकेक खोली आहे. तेथे सहा मेजे आणि त्यांभोवतीची पुस्तके मावणे कठीण. वर मात्र जागा सलग आहे आणि उजेडही पुरेसा आहे. कायद्याने मजला म्हणून न मोजलेल्या जागेत कोशाचे कार्यालय उभे राहिले.

कामाची पद्धत आज बरीचशी ज्ञात आहे. जॉन्सन पुस्तके वाचताना हवा तो शब्द शिसपेनने अधोरेखित करी, अवतरणाच्या सीमा आखी आणि समासात शब्दाचे आद्याक्षर लिही. लेखनिक ती अवतरणे वेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवून घेत आणि वर्णानुक्रमे लावीत. ॲलन रेडिक याने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की, ही प्रक्रिया सरळ रेषेत गेलेली नाही. अर्थांची चौकट आधी आखून तीत अवतरणे भरायची ही आरंभीची योजना काही वर्षांतच कोलमडली. शब्दांचे प्रत्यक्ष उपयोग पूर्वनियोजित कप्प्यांत मावेनात. तयार झालेले हस्तलिखित बाजूला ठेवून काम नव्याने मांडावे लागले. ४२,००० हून अधिक शब्द आणि सुमारे १,१४,००० अवतरणे असलेला दोन खंडांचा कोश या मोडतोडीतून उभा राहिला.

या मोडतोडीचा वैचारिक परिणाम दोन संहितांची तुलना केली असता स्पष्ट होतो. १७४७ मध्ये, या घरात येण्यापूर्वी, जॉन्सनने लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून कोशाचा आराखडा प्रसिद्ध केला. भाषेचे उच्चार, अर्थ आणि शुद्धता निश्चित करणे हे त्यात मुख्य उद्दिष्ट म्हणून येते. १७५५ च्या प्रस्तावनेत तोच लेखक कबूल करतो की, भाषेला स्थिर करण्याची आशा आपण काही काळ बाळगली होती, परंतु अनुभवाने ती टिकली नाही. माणसे एकामागून एक वृद्ध होऊन मरताना आपण पाहतो. तरी आपला कोश भाषेला औषधी लेपाने जतन केलेल्या देहाप्रमाणे क्षयापासून वाचवील असे कोशकाराने मानावे, हे त्याला हास्यास्पद वाटते. या दोन विधानांच्या मधली वर्षे गॉफ स्क्वेअरमधली आहेत. याच वर्षांत, १७५२ मध्ये, त्याची पत्नी एलिझाबेथ मरण पावली. आणि याच वर्षांत ‘रॅम्बलर’ नियतकालिकातील ११७ व्या निबंधात (१७५१) त्याने पोटमाळ्यात राहण्याचे फायदे मिस्कीलपणे वर्णिले. विद्वान उंच जागी का राहतात याची तेथील शास्त्रीय थाटाची मीमांसा वाचताना, लेखकाच्या डोक्यावरचे छप्पर आणि त्याची सामाजिक पायरी यांतील विसंगतीची त्याला असलेली तीव्र जाणीव लपत नाही.

घराने जॉन्सनचा विचार घडवला, असा दावा येथे अभिप्रेत नाही. तसे म्हणणे म्हणजे पर्यावरणवादाची जुनी चूक नव्या परिभाषेत करणे होईल. रेडिकने दाखवल्याप्रमाणे बदल घडला तो सामग्रीच्या रेट्यामुळे. घराविषयी एवढेच म्हणता येते की, त्याने या कामाला जी जागा पुरवली ती त्याच्या मूळ योजनेत या कामासाठी नव्हती. वापराने योजनेवर मात केली. कोशातही तेच घडले, आणि दोन्ही घटनांना जॉन्सन साक्षी होता.

४

या दृष्टीने पाहता घरातील एक स्थापत्यविशेष फार बोलका आहे. पहिल्या मजल्यावर जिन्याच्या चौकापासून खोल्या वेगळ्या करणाऱ्या लाकडी फळ्यांच्या भिंती बिजागऱ्यांवर बसवलेल्या आहेत. त्या फिरवल्या की खोली, चौक आणि पलीकडची खोली मिळून एक प्रशस्त जागा होते. मिटल्या की पुन्हा स्वतंत्र खोल्या. व्यापाऱ्याच्या घरात कधी मेजवानी असे, कधी खासगी बैठक. त्या दोहोंची सोय एकाच मजल्यात व्हावी म्हणून ही युक्ती. विटांच्या बाह्य भिंतींना कायद्याने दिलेले स्थैर्य आणि आतल्या भिंतींना गरजेने दिलेली लवचिकता या दोहोंना हे घर एकाच वेळी सामावून घेते. त्यामुळे ‘या घराची मूळ रचना कोणती?’ या प्रश्नाला पहिल्या मजल्यापुरते तरी एकच उत्तर नाही. उघडी आणि मिटलेली अशा दोन्ही अवस्था मूळच्याच आहेत.

याउलट दारापाशी मात्र स्थैर्याचा आग्रह आहे. मुख्य दाराला आतून जाड साखळी आणि तिला अडकवण्यासाठी पिळदार आकडा आहे; दारावरील झरोक्याला टोकदार लोखंडी गज आहे, लहान मुलाला आत सोडून दार उघडवण्याची चोरांची युक्ती चालू नये म्हणून. मालमत्तेविषयीची चिंता येथे लोखंडात उतरली आहे. जॉन्सनच्या बाबतीत या बंदोबस्ताला एक उपरोधिक छटा येते. मार्च १७५६ मध्ये, म्हणजे कोशाने त्याला कीर्ती मिळवून दिल्यानंतर वर्षाच्या आत, पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी त्याला अटक झाली आणि कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने पैसे पाठवून त्याची सुटका केली. करारातील रक्कम काम संपण्यापूर्वीच खर्चून गेली होती. तीन वर्षांनी, १७५९ मध्ये, त्याने हे घर सोडले आणि तो स्टेपल इनमधील लहान जागेत गेला. आज ज्या वास्तूला जगभर ‘डॉक्टर जॉन्सनचे घर’ म्हणून ओळखतात, ती त्याच्या मालकीची कधीच नव्हती.

५

जॉन्सननंतरच्या दीड शतकात घर राबते राहिले. त्यात इतर भाडेकरू आले. कधी निवासगृह, कधी छपाईचे काम, कधी कोठार असे त्याचे उपयोग होत गेले. थॉमस कार्लाइलने बॉझवेलच्या ग्रंथावरील आपल्या १८३२ च्या लेखात, हे घर शोधून काढायला कसे कष्ट पडले, ते सांगितले आहे आणि ओकच्या कठड्याच्या या भक्कम जुन्या वास्तूचे वर्णन केले आहे. १८७६ मध्ये तेथे स्मृतिफलक लागला. वाचकाच्या मनातले घर आणि रस्त्यावरचे घर यांची गाठ अशी हळूहळू पडत गेली. अखेर १९११ मध्ये उदारमतवादी पक्षाचा संसद-सदस्य सेसिल हार्म्सवर्थ याने ते विकत घेतले, वास्तुकार आल्फ्रेड बर याच्याकडून जीर्णोद्धार करवला आणि १९१४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

जीर्णोद्धार ही संपादनाची कृती आहे. संपादकाला हस्तलिखितांच्या पाठभेदांतून निवड करावी लागते, तशी जीर्णोद्धारकाला काळाच्या थरांतून. एकोणिसाव्या शतकात या निवडीवरून तीव्र वाद झाला होता. व्हियोले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुकाराने १८५४ ते १८६८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्थापत्यकोशात ‘पुनःस्थापना’ या शब्दाची व्याख्या करताना म्हटले की, इमारतीला अशा पूर्णावस्थेत आणणे, जी कदाचित कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नव्हती, म्हणजे पुनःस्थापना. रस्किनने १८४९ मध्येच अशा पुनःस्थापनेला असत्य ठरवले होते; आणि विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तूंच्या संरक्षण-संस्थेने सर्व काळांचे थर जसेच्या तसे राखावेत, फक्त दुरुस्ती करावी, अशी भूमिका घेतली. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटेल. उपलब्ध प्रतींच्या तुलनेतून हरवलेली आदिप्रत पुन्हा रचता येते असे लाखमानची पद्धती मानते. अशी रचलेली आदिप्रत प्रत्यक्षात संपादकाची निर्मिती ठरते. तेव्हा एखादी अस्तित्वात असलेली चांगली प्रत निवडून तिच्याशी प्रामाणिक राहावे, असे जोझेफ बेदिए सुचवतो. हार्म्सवर्थच्या उपक्रमाचा कल पहिल्या बाजूकडे आहे. घराच्या तीन शतकांच्या आयुष्यातून १७४८ ते १७५९ ही अकरा वर्षे त्याने आदिप्रत मानली. खोल्यांत वस्तूंची गर्दी होऊ दिलेली नाही, ही गोष्ट त्याच्या अभिरुचीची साक्ष देते. परंतु मोकळ्या खोल्याही एक अर्थनिर्णय व्यक्त करतात. भाडेकरूंचा, छपाईकामगारांचा, कोठारातल्या पेट्यांचा काळ त्या मोकळेपणात विरून गेला आहे.

इतिहासाने मात्र या आदिप्रतीत आणखी एक पाठभेद घातला. दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांत घराच्या छपराला आग लागली. युद्धकाळात साहाय्यक अग्निशमन दलाच्या जवानांनी या घराचा विसाव्यासाठी उपयोग केला. पोटमाळ्याचे छप्पर नंतर पुन्हा उभारावे लागले. म्हणजे वाचक ज्या खोलीसाठी सर्व जिने चढून जातो, ज्या खोलीने या घराला सूचीत स्थान मिळवून दिले, तीच खोली संपूर्ण घरात विसाव्या शतकाचा ठसा सर्वाधिक वागवते. आगीच्या भीतीतून जन्मलेला हा घरप्रकार. त्याच्या विटांच्या भिंती टिकल्या आणि लाकडी छप्पर जळाले, ही १६६७ च्या कायद्यामागील तर्काची जणू उशिरा झालेली कसोटीच होती.

युद्धाच्या विध्वंसातूनच इंग्लंडमध्ये संरक्षित वास्तूंच्या सूचीची पद्धत आकाराला आली. १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी तिचा पाया घातला. सध्या ती १९९० च्या कायद्यानुसार चालते. सूचीत नोंदलेल्या घराच्या बाहेरील तसेच आतील भागात परवानगीशिवाय त्याचे स्वरूप पालटणारा फेरफार करता येत नाही. तथापि सूची म्हणजे बदलावर बंदी, हा समज बरोबर नाही. तेथील राष्ट्रीय वारसा-संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तत्त्वांत जतनाची व्याख्याच बदलाचे नियमन अशा अर्थाने केली आहे : एखाद्या स्थळाचे मोल टिकून राहील अशा रीतीने त्यातील बदल हाताळणे. हार्म्सवर्थच्या पिढीने घराकडे १७४७ च्या आराखड्याच्या दृष्टीने पाहिले होते. २००८ ची तत्त्वे १७५५ च्या प्रस्तावनेजवळ येतात. बदल अटळ आहे हे मान्य करूनही प्रयत्न सोडू नये, ऱ्हासाचा वेग शक्य तेवढा रोखावा, असे त्या प्रस्तावनेचे अंतिम म्हणणे आहे. जतनाच्या विचाराला तेथवर पोहोचायला अडीच शतके लागली.

६

काळाची निवड ही व्यक्तींचीही निवड असते. हे घर जॉन्सनचे म्हणून जपले जाते, तेव्हा त्या अकरा वर्षांतील इतरांचे काय होते? पोटमाळ्यातील सहा लेखनिकांची नावे आपल्याला माहीत आहेत : अलेक्झांडर आणि विल्यम मॅकबीन हे बंधू, शील्स, स्टुअर्ट, मेटलंड आणि पेटन. स्टुअर्ट आणि शील्स कोश पूर्ण होण्यापूर्वीच वारले. १७५२ पासून या घरात फ्रान्सिस बार्बर राहू लागला. जमैकात गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा जॉन्सनच्या पत्नीच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत नोकर म्हणून येथे आला आणि १७८४ मध्ये जॉन्सनच्या मृत्युपत्रानुसार त्याच्या मालमत्तेचा मुख्य वारस झाला. अंध कवयित्री ॲना विल्यम्स हिलाही याच घरात आश्रय मिळाला. म्हणजे एका कुटुंबाचे एक घर ही रासमुसेनची कल्पना या घरात नावापुरतीच उरते. नात्याने न जोडलेली, गरजेने आणि करुणेने एकत्र आलेली माणसे येथे राहत आणि राबत होती.

घरासमोरच्या चौकात जॉन्सनच्या हॉज या लाडक्या मांजराचा पुतळा १९९७ मध्ये बसवण्यात आला. पुतळा गमतीदार आहे आणि त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. मात्र कोशावर बसलेल्या या मांजराला चौकात जे स्थान मिळाले ते चिठ्ठ्या उतरवणाऱ्या सहा माणसांना मिळालेले नाही. स्मरणाची व्यवस्था लेखकाभोवती फिरते. त्याच्या आवडीनिवडी तिला दिसतात, त्याच्या कामातील सहभागी तितक्या सहजतेने दिसत नाहीत.

मराठीच्या अभ्यासकाला या ठिकाणी आपल्या कोशपरंपरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठी-इंग्रजी कोश आपण सरसकट ‘मोल्सवर्थ’ म्हणतो. त्या कामात कँडी बंधूंचा सहभाग होता आणि शब्दसंग्रहाचे मूळ कष्ट शास्त्रीमंडळींचे होते. १८२९ चा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ तर जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी शास्त्र्यांनीच सिद्ध केला. तो ‘शास्त्र्यांचा कोश’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे तेथे निदान समूहाची ओळख तरी टिकली. दोन्ही परंपरांतील वसाहतिक आणि सामाजिक संदर्भ भिन्न आहेत. स्कॉटिश लेखनिक आणि मुंबईतील शास्त्री यांना एका मापाने मोजता येणार नाही. परंतु कोश हा सामूहिक श्रमाचा ग्रंथ एका नावाखाली जातो आणि ते नाव पुढे सामान्यनाम होते, ही प्रक्रिया दोन्हीकडे सारखी आहे. मराठीत त्या श्रमांची जागा दाखवणारे घर उरलेले नाही. गॉफ स्क्वेअरमध्ये ते उरले आहे. म्हणूनच तेथे ते श्रम न दिसणे अधिक खटकते.

स्थापत्याचा पुरावा या बाबतीत स्मारकापेक्षा प्रामाणिक आहे. पोटमाळ्याचा विस्तारच सांगतो की, ही एका माणसाची अभ्यासिका नाही. तळघरातील स्वयंपाकघर सांगते की, वरच्या कोशाला खालच्या चुलीचा आधार होता. आणि या दोहोंना जोडणारा जिना सांगतो की, या घरात कोणीतरी दिवसभर काही ना काही वाहून नेत होते : कोळसा, पाणी, पुस्तके, फर्मे. लेखकाचे घर वाचताना समीक्षकाने बैठकीत थांबू नये, जिना वाचावा, असे म्हणावेसे वाटते ते यासाठी.

७

या घरात चीनच्या महाभिंतीतील एक वीट ठेवलेली आहे. ती भिंत पाहून यावे अशी इच्छा जॉन्सनने बॉझवेलशी बोलताना व्यक्त केली होती, त्याची ती आठवण. तिच्या मूळ जागी ती असंख्य विटांपैकी एक होती, भार वाहणारी. येथे ती एक अवतरण आहे, संदर्भातून सोडवून नव्या मांडणीत ठेवलेली. पोटमाळ्यात एक लाखाहून अधिक वेळा नेमके हेच केले गेले : मूळ ग्रंथातून वाक्य सोडवायचे आणि शब्दाच्या अर्थाचा आधार म्हणून नव्या जागी बसवायचे. अवतरण मूळ अर्थ काही अंशी गमावते आणि नवा अर्थ मिळवते, याची जॉन्सनला पूर्ण कल्पना होती; वाक्ये तोडताना, संक्षिप्त करताना लेखकाच्या आशयाला बाध येऊ शकतो, अशी कबुली त्याने प्रस्तावनेत दिली आहे.

संपूर्ण घराविषयीही तेच म्हणता येईल. गॉफ स्क्वेअरची मूळ ओळ नाहीशी झाली. शेजारची घरे गेली. उरलेले हे एक घर आजच्या कार्यालयांच्या इमारतींत अवतरणासारखे उभे आहे. अशा अवतरणाकडे संशयाने पाहून ते खोटे ठरवणे सोपे आहे, आणि भक्तिभावाने पाहून त्यालाच संपूर्ण ग्रंथ मानणे त्याहून सोपे आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे काम या दोहोंच्या मधले आहे : अवतरण कोठून घेतले, ते घेताना काय कापले, कोणाच्या हातांनी उतरवले गेले आणि नव्या जागी ते कोणता भार वाहते आहे, हे पाहणे. पहिल्या मजल्यावरच्या बिजागऱ्यांवरील भिंती आजही फिरतात. १७५५ ची प्रस्तावना लिहिणाऱ्याच्या घराला हा गुण शोभणारा आहे.